उशाशी हिरवा डाग

रंग लावून महिना झाला नसेल, तेव्हा मृदुलाला पलंगाच्या उशाशी तो डाग दिसला. सकाळची वेळ होती. पराग आत दात घासत होता आणि ती चादर ओढून सारखी करत होती. भिंतीचा मूळ रंग फिकट जांभळट, कांद्याच्या आतल्या सालीसारखा. त्यावर, परागची उशी असायची तिच्या बरोबर वर, डोक्याएवढा एक हिरवट गोल उमटला होता. साचलेल्या डबक्यावर धरतो तसला तवंग. बघताना ओला वाटत होता, पण बोट लावलं तर भिंत कोरडी ठणठणीत.

तिने बोट नाकाशी नेलं. कसलाच वास नव्हता. तरी न्हाणीघरात जाऊन तिने हात कोपरापर्यंत साबण लावून धुतला.

"काय झालं?" पराग टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला.

"तुझ्या डोक्यामागे भिंत हिरवी झालीय."

पराग वाकून बघून हसला. तो चिपळुणातल्या एका बँकेत होता आणि कुठल्याही गोष्टीला आधी हसायचा. "म्हणजे तुमच्या रंगाने मला नापास केलं. काल बोंबलाचं कालवण होतं ना, त्याचा असेल."

"मीही तेच जेवले," मृदुला म्हणाली. तिच्या उशीमागे भिंत स्वच्छ होती.

'तुमच्या रंगाने' असं तो म्हणाला ते खरंच होतं. मृदुला गवाणकर गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत 'सप्तवर्ण' नावाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. 'साक्षी' हा भिंतीचा रंग तिच्या विभागात तयार झाला होता, आणि २०३७ सालच्या त्या हिवाळ्यात कारखान्याने तो पहिल्यांदा राहत्या घरांना लावायला दिला तो त्यांच्याच 'कदंब' सोसायटीत.

त्याआधी कितीतरी वर्षं 'सप्तवर्ण' निळा रंग बनवत होती. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं एक सपाट कडं आणि त्या कड्याच्या मधोमध तांब्याचा एक अणू, असा त्याचा रेणू. दुकानांच्या पाट्या, छापखान्याची शाई, प्लॅस्टिकच्या बादल्या, निम्म्या जगाचा निळा तोच. ऊन, आम्ल, साबण, कशालाच तो दाद देत नाही, कारण तांबं त्या कड्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की बाहेरच्या कुणाशी त्याला देणंघेणं उरत नाही. निसर्गही जवळपास याच घडणीची कडी वापरतो. मध्ये मॅग्नेशियम बसलं की पानाचा हिरवा, लोह बसलं की रक्ताचा लाल. मात्र रक्तातलं लोह तांब्यासारखं अलिप्त नसतं. त्याची एक बाजू मोकळी असते. तिथे प्राणवायू येऊन बसतो आणि पुढे उठून जातो. बसला की रक्त लालभडक, उठला की काळपट.

'साक्षी'ची सगळी करामत त्या मोकळ्या जागेत होती. कड्यात जस्त बसवलं, तर तिथे अमाइन म्हणतात त्या कुळातले वायू येऊन बसतात. मासळीचा वास, मुतारीचा वास, सडत्या मांसाचा वास, हे सगळे त्याच गोतावळ्यातले. ते बसले की कड्यातले इलेक्ट्रॉन जरा सरकतात, कडं प्रकाशाचा वेगळा भाग गिळायला लागतं आणि जांभळट रंग हिरवा पडतो. कोबाल्ट, कथील, मँगनीज घातलेली कडी दुसऱ्या वासांना जागा देतात. कुणी तपकिरी पडतं, कुणी पिवळं. अशी सगळी कडी एकत्र कालवून भिंतीला लावली की भिंत वास घेते, आणि घेतलेला वास दाखवते. वारा आणि ऊन मिळालं तर ते रेणू उठून जातात आणि डाग विरतो. पण माणूस रोज त्याच जागी डोकं टेकून श्वास सोडत राहिला, तर विरायला सवड मिळत नाही.

हे सगळं वायुगळतीसाठी सुरू झालं होतं. अमोनियाची नळी कुठे फुटली तर माणसांच्या आधी भिंतीला कळावं, एवढाच बेत. नंतर रुग्णालयांनी मागणी केली, कारण चिघळलेली जखम किंवा यकृताचा रोग पलंगामागच्या भिंतीवर वेळेआधी दिसायचा. मग विक्री विभागाने रंग आणखी जागरूक करायला सांगितला. मृदुलाच्या विभागाने तसा केला. माणसाच्या नाकाला जे कळतं त्याच्या कितीतरी कमी वासाला तो रंगायला लागला. शिवाय नाकाची एक चांगली खोड आहे. कुठल्याही वासात थोडा वेळ बसलं की ते त्या वासाची दखल घेणं सोडून देतं. त्यामुळेच माणसं एका खोलीत नांदू शकतात. भिंतीला ती खोड नव्हती.

मृदुलाने ओल्या फडक्याने डाग पुसून बघितला. तो फडक्याच्या फराट्यांसकट पसरला, आणि आता उशीच्या वर कुणीतरी हिरवी बोटं फिरवल्यासारखं दिसायला लागलं. त्या दिवसापासून ती पलंगाच्या अगदी काठावर, परागकडे पाठ करून झोपायला लागली.

*

इमारतीत सगळ्यांचंच काही ना काही सुरू झालं होतं. लोक सोफ्यावरून उठायचे आणि मागे वळून भिंत बघायचे. पाहुणा गेला की घरातली मंडळी तो टेकला होता तिथे जमायची. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मंडळी आली, ती उठून गेल्यावर मुलाच्या पाठीमागे एक पिवळट तपकिरी पट्टा राहिला, आणि तेवढ्यावर नकार गेला. अत्तरं मारून पाहिली, तर भिंतीला वेगळेच चट्टे पडले. एका घरात तर जेवताना सासऱ्यांचं ताट बाल्कनीत नेऊन ठेवायला लागले. त्यांची कवळी भिंतीवर उमटते म्हणे.

सगळ्यात वाईट अवस्था लिफ्टची झाली. आतल्या तिन्ही बाजूंना 'साक्षी' लावलेला होता. बंद जागा, वारा नाही. प्रत्येकाच्या उंचीवर प्रत्येकाच्या तोंडाचा, काखेचा आपापला डाग. खालच्या कोपऱ्यात पिशव्यांतल्या मासळीचे हिरवे ओघळ. माणसं आत शिरली की श्वास धरून उभी राहायची आणि दार उघडलं की एकमेकांकडे न बघता बाहेर पडायची. आणि एका बाजूला, शालन जिथे उभी राहायची तिथे, कमरेपासून डोक्यापर्यंत एक गडद तपकिरी हिरवी आकृती उभी होती. शालन सकाळी मजल्यामजल्यावरचा कचरा गोळा करून ड्रमातून खाली न्यायची.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. सोसायटीचे अध्यक्ष सुर्वेकाका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं आणि कायम नम्र.

"मृदुला मॅडम आपल्यात आहेत हे आपलं भाग्य," ते म्हणाले. "त्यांनाच विचारू. मॅडम, लिफ्टमधला तो मोठा डाग कशाचा?"

"कचऱ्याचा, काका. कुजलेल्या अन्नातून गंधकाचे वायू निघतात, मासळीतून अमाइन निघतात. ते ड्रमातून येतात. तिच्या कपड्यांना लागतात."

"म्हणजे कपड्यांतून तिच्याच अंगाबरोबर येतात."

"कचरा आपला असतो," मृदुला म्हणाली.

"ते झालंच. पण रंग काही खोटं दाखवत नाही ना?"

"नाही. खोटं नाही दाखवत."

सुर्वेकाकांनी मान हलवली, जणू तेवढंच हवं होतं. ठरलं असं की ज्यांच्यामुळे ठळक डाग पडतो त्यांनी जिना वापरावा. नाव कुणाचंच घेतलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. मृदुलाचा हात अर्धवट वर गेला आणि तिथेच राहिला, आणि तोही मोजला गेला.

शालन लिफ्टच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. सभा संपल्यावर ती मृदुलाजवळ आली. "वहिनी, ड्रम घेऊन पाच मजले जिन्याने मला जमायचं नाही. गुडघे धरतात. दुसरी बाई बघा म्हणावं."

"मी बोलते त्यांच्याशी."

"बोललात की आत्ता," शालन म्हणाली, आणि ड्रम तिथेच ठेवून चप्पल घालून निघून गेली.

कचरा चार दिवस दारादारात सडला. जिन्यात घोंघावणाऱ्या माश्या आणि पिशव्यांखालून वाहणारं पाणी. प्रत्येक दाराशेजारी भिंत आतून बुरशी फुटल्यासारखी हिरवी होत गेली. तेव्हा लोकांनी आपापल्या दाराला ओले टॉवेल लावले.

*

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. परागच्या उशामागचा डाग आता नुसता गोल राहिला नव्हता. तो खांद्यांपर्यंत उतरला होता, मध्ये शेवाळासारखा गर्द आणि कडेला पिवळट. मृदुला खोलीत शिरली की तिची नजर आपोआप तिथे जायची आणि आपोआप उलट फिरायची. परागने हातात दिलेला कप घ्यायच्या आधी ती कपाचा कान पुसून बघायची. एकदा तो मागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला, तेव्हा तिने गॅस कमी करायचं निमित्त करून अंग काढून घेतलं. त्याच्या श्वासाला खरोखरच काहीतरी येत होतं, शिळ्या सुक्या मासळीसारखं. की तिला डाग बघून तसं वाटत होतं? तिला सांगता आलं नसतं.

"तोंडाला सारखी पितळेची चव येतेय," पराग एकदा जेवताना म्हणाला. "जेवण नकोसं वाटतं."

तिने औषधाच्या दुकानातून गुळण्या करायचं औषध आणून दिलं.

तो थकायला लागला होता. पोटऱ्या खाजवत बसायचा, संध्याकाळी चप्पल काढली की पावलांवर पट्ट्यांचे वळ दिसायचे. बँकेत वर्षअखेरीची गडबड आहे, असं तो म्हणाला. मृदुलाने ते मानलं. तिला ते मानायचंच होतं, कारण नाहीतर त्याच्याजवळ बसून त्याच्या पायाला हात लावून बघावं लागलं असतं.

एका दुपारी दोन माणसं बोलावून तिने कपड्यांचं लाकडी कपाट उचलून त्या भिंतीपुढे आणलं आणि पलंग खिडकीकडे सरकवला. डाग झाकला गेला. त्या आठवड्यात तिला जेवण जरा बरं गेलं. पण परागचा श्वास खोलीभर होता आणि कपाटामागे वारा नव्हता, थोड्या दिवसांनी कपाटाच्या कडेने हिरवी किनार बाहेर आली, जसं काही मागे कुणीतरी उभं राहून श्वास सोडत होतं. ती किनारही तिने पाहिली. मग पाठ दुखते सांगून ती हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागली.

"मृदुला," परागने एका सकाळी विचारलं. तो दिवाणाच्या पायथ्याशी उभा होता, आणि या वेळी हसत नव्हता. "तुला माझी घाण वाटते का?"

"काहीतरीच काय."

"नाही, वाटत असेल तर सांग. मी बाहेरच्या खोलीत झोपेन. तू आत झोप, तुझी पाठ दुखते."

"पाठच दुखते. दुसरं काही नाही."

तो बँकेत जायला निघाला.

*

त्यानंतर काही दिवसांतच पराग बँकेत टेबलावरच कोसळला. मृदुला कारखान्यातून थेट रुग्णालयात पोचली, तेव्हा त्याला आत घेतलं होतं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलल्या सरळ.

"दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. रक्तदाब कधीपासून वाढलेला असणार, त्यांनी मोजलाच नाही. आता डायलिसिस सुरू करावं लागेल. आठवड्यातून तीनदा. पुढे मूत्रपिंड बदलण्याचा विचार करू."

"हे एकदम कसं झालं?"

"एकदम होत नाही. कितीतरी महिने चालू असतं. अंगाला खाज, पायाला सूज, तोंडाला धातूची चव. रक्तातली घाण बाहेर पडेनाशी झाली की ती श्वासातून यायला लागते. तोंडाला मासळीसारखा वास येतो. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

 मृदुलाच्या डोळ्यांपुढे रेणूंची नावं येत होती. डायमिथाइल अमाइन, ट्रायमिथाइल अमाइन. जस्ताच्या कड्यावर ते बसले की नेमका कुठला हिरवा येतो, याच्या चाचण्या तिने स्वतः केल्या होत्या. शेवाळासारखा गर्द, कडेला पिवळट.

"आमच्या वॉर्डात तुमचाच तो रंग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मृदुलाचं ओळखपत्र पाहिलं असावं. "चांगला आहे. एका आजोबांचं आम्ही त्यावरूनच वेळेवर पकडलं. भिंत वाचायची मात्र सवय लागते."

घरी आल्यावर मृदुलाने अंगातली सगळी ताकद लावून कपाट एका बाजूने ओढलं. मागे वारा पोचला नव्हता. डाग काळपट हिरवा झाला होता, माणसाएवढा, आणि त्यावर खरीच बुरशी धरली होती, लव आलेल्या कातडीसारखी. खालच्या बाजूला एक झुरळ चिकटून मेलेलं होतं. तिला उलटी झाली. न्हाणीघरापर्यंत जाता आलं नाही, तिथेच फरशीवर झाली, आणि ती शेजारी बसून राहिली. डागाची किळस होतीच. पण त्याहून मोठी किळस कशाची आली ते तिला नीट कळलं होतं. हे वाचायला जगात जी थोडी माणसं शिकलेली होती त्यांच्यातली ती एक, आणि तिने त्यापुढे कपाट लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात परागच्या हातात सुई होती आणि शेजारच्या यंत्रातून त्याचं रक्त फिरत होतं. त्याचा चेहरा सुजलेला आणि मेणासारखा. मृदुला स्टूल ओढून बसली.

"मला घाण वाटत होती," ती म्हणाली.

"माहीत होतं."

"मला कळायला हवं होतं. माझं कामच ते आहे."

"मलाही कळायला हवं होतं. शरीर माझं." मग त्याने विचारलं, "आता?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याच्या श्वासाचा वास या क्षणीही येत होता. "अजून वाटते," ती म्हणाली. "पण मी आत झोपायला येणार आहे."

पराग डोळे मिटून पडला होता. "ये," तो म्हणाला. "खिडकी उघडी ठेव मात्र."

*

कारखान्यात तिने वरिष्ठांना, खानविलकर साहेबांना, सांगितलं की घरांसाठीचा रंग बोथट करायला हवा. वायुगळती कळेल इतपतच ठेवावा. रुग्णालयाचा रुग्णालयात.

खानविलकरांनी तिच्या नवऱ्याची चौकशी मनापासून केली. मग म्हणाले, "मॅडम, लोकांना बोथट नकोय. आता शाळेच्या गणवेशासाठी विचारणा आलीय. कापडात."

"मुलांच्या अंगावर?"

"स्वच्छतेची सवय लागावी म्हणून."

मृदुलाने एका वर्गाची कल्पना केली. साठ पोरं, सगळ्यांच्या काखा आणि पाठी रंगलेल्या, आणि एका बाकावर कुणीच शेजारी बसायला तयार नसलेलं एक पोर. "यावर माझी सही मिळणार नाही," ती म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाची घेऊ," खानविलकर म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळे ते ऐकताना अंगावरून काहीतरी ओलं सरपटत गेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात ती परागला डायलिसिसवरून घेऊन आली. त्याला फाटकाशी उतरवून ती गाडी लावायला गेली. परत आली तेव्हा लिफ्टपाशी तो नव्हता. सुर्वेकाका होते, हात पाठीमागे बांधून.

"ते जिन्याने गेले," काका म्हणाले. "मी फक्त विनंती केली. नियम सगळ्यांना सारखा हवा. त्यांचा डाग, तुम्ही जाणताच, फार ठळक पडतो."

मृदुला जिना धावत चढली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पराग पायरीवर बसला होता. डोकं भिंतीला टेकवलेलं, ओठ पांढरे. त्याच्या तोंडाशी भिंत ती बघत असतानाच हिरवी होत चालली होती. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं होतं आणि फटीतून कुणीतरी नाकाला रुमाल लावून बघत होतं. तिने तिकडे पाहिलं तसं दार लागलं.

तिने परागच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. त्याचा घाम तिच्या मानेला लागला, थंड आणि चिकट. तिचं अंग शहारलं. तिने हात काढला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मृदुलाने रंगाऱ्यांकडची रुंद पत्ती, कारखान्यातला द्रव आणि तोंडाला लावायचा मुखवटा आणला आणि लिफ्ट तळमजल्यावर अडवून धरली. पराग पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. वर एकटं बसवत नाही, तो म्हणाला होता.

द्रव लावला की रंग फुगून सुटायचा. सगळ्यांचे श्वास, घाम, मासळी, अत्तरं, शालनची आकृती, सगळं चिकट राळेसारखं पत्तीवर गोळा व्हायचं. ती ते थर ड्रमात झटकत होती. हातमोज्यांतून बोटांना बुळबुळीत लागत होतं. मधूनच उमासा यायचा, तेव्हा ती बाहेर येऊन उभी राहायची आणि परत आत जायची.

सुर्वेकाका आले. "मॅडम, ही सोसायटीची मालमत्ता आहे."

"हो."

"सभेत ठरलेलं आहे. तुमचाही हात वर होता."

"होता," मृदुला म्हणाली. "आता खाली घेते. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा. मी दुपारपर्यंत इथेच आहे."

  मी कमिटीतल्या लोकांना कामावरून बोलावून आणतो, असं म्हणून काकांनी स्कूटर काढली आणि ते गेले. स्कूटरवर बसताना त्यांना दोनदा पाय टाकावा लागला होता.

स्कूटरचा आवाज गेला तशा जिन्यातून सुर्वेकाकू खाली आल्या. पदर नाकाशी धरलेला. परागच्या खुर्चीवरून जाताना त्यांनी तो आणखी घट्ट धरला.

"वास येतो ना, काकू?" पराग शांतपणे म्हणाला. "मलाही येतो."

काकू थबकल्या.  मग लिफ्टच्या दाराशी येऊन अगदी हलक्या आवाजात मृदुलाला म्हणाल्या, "आमच्या खोलीतली एक भिंत खरवडून देशील का? ह्यांच्या बाजूची. हे परत यायच्या आत."

मृदुलाने मुखवटा खाली केला. "डाग कसा आहे?"

"नको विचारूस. बघवत नाही. मी त्यावर कॅलेंडर लावलंय, मोठं. पण आता कॅलेंडरच्या खालून दिसायला लागलंय. कुणी घरात आलं तर काय म्हणेल? अध्यक्ष आहेत."

मृदुलाने पत्ती ड्रमाच्या काठावर ठेवली. हातमोजे काढले. "चला," ती म्हणाली.

सुर्व्यांची झोपायची खोली बंद, पडदे ओढलेली होती. दोन पलंग वेगवेगळ्या भिंतींना लावलेले. काकांच्या पलंगाच्या उशाशी गणपतीचं कॅलेंडर होतं, आणि त्याच्या खालच्या पट्टीतून तपकिरी ओघळ निघाला होता, वाळलेल्या रक्तासारखा. मृदुलाने पडदे सारले. उजेड आला. मग तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.

काकू दाराबाहेर सरकल्या. डाग मातकट तपकिरी होता, मध्ये पिवळा फुटलेला, कडेला गाठी गाठी, कुजलेल्या फळाच्या आतल्यासारखा.  मृदुलाने तोंड भिंतीच्या आणखी जवळ नेलं. हिरवा नव्हता. म्हणजे जस्ताचं काम नाही. हे कोबाल्टच्या कड्यांवर बसलेले गंधकाचे रेणू होते. श्वासात ते एवढे कशामुळे येतात तेही तिला माहीत होतं.

"काकांचे डोळे पिवळे दिसतात का?" तिने विचारलं.

"वय झालं की दिसतातच ना."

"पोट फुगलंय?"

 "सदऱ्याची बटणं लागत नाहीत हल्ली. तू खरवडतेस ना?"

"नाही. आज त्यांना डॉक्टरकडे न्या. यकृत बघायला सांगा. मी येते बरोबर, हवं तर."

"मी त्यांना काय सांगू? तुमची भिंत अशी झालीय म्हणून?"

"हेच सांगा." मृदुला डागापासून हलली नाही. "आत या, काकू. जवळून बघा. मला फक्त रंग कळतो. ते कधीपासून थकतात, जेवतात किती, झोपेत काय बडबडतात, ते तुम्हालाच माहीत."

काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या. खाली गेटातून स्कूटर आत आल्याचा आवाज आला. मग त्या आत आल्या. पदर नाकावरून त्यांनी काढला नाही, पण आल्या, आणि मृदुलाच्या शेजारी उभ्या राहून भिंतीकडे बघायला लागल्या.